हळूच खिशात

सोमवार, ७ एप्रिल

धाकट्या,

आज टपालाने आलं ते असं:

दोनाचं नाणं, सन एकोणऐंशी, ग्रेड ६५. एकोणीसशे.
एकाचं नाणं, सन त्र्याहत्तर, ग्रेड ६४. चौदाशे पन्नास.
पाचाचं नाणं, सन एक्क्याण्णव, ग्रेड ६७. चार हजार दोनशे.
टपालखर्च तिन्हींचा मिळून दोनशे दहा.
एकूण सात हजार सातशे साठ.

तिन्ही तुझ्याकडून आली. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तुझ्या ऑनलाइन दुकानाचं नाव आहे आणि घेणाऱ्याच्या जागी माझ्या लेकीच्या ऑफिसचा पत्ता, म्हणून तुला पत्ता लागला नाही. घेणारी मी आहे.

आशीर्वाद लिहायची जागा ही. ती कोरी ठेवते. रोज सकाळी देवापुढे बसले की तुझंही नाव घेते, सहा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. तेवढ्यावर भागव.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तू त्यांच्या पलंगावर तो पत्र्याचा डबा पालथा केलास. सदतीस नाणी निघाली. "ताई, ही कॉमन नाणी आहेत ग. टांकसाळीने कोट्यवधी पाडलीत, ह्यांना कोण विचारतो," म्हणालास. दर्शनी किंमत मोजलीस, एकशे अठ्ठेचाळीस भरली, आणि निम्मे चौऱ्याहत्तर माझ्या हातावर ठेवलेस. हिशेब चोख. मी ते घेतले आणि जमेला लिहिले, कारण तेव्हा मला वाटलं की तू डबा आठवण म्हणून ठेवतो आहेस आणि मला समजूत म्हणून पैसे देतो आहेस. आपलं बोलणं त्या दिवसानंतर बंद का झालं ते तू लोकांना काहीही सांग. मी सांगते की भाऊ कामात असतो.

मग महिन्यापूर्वी लेक फोन घेऊन आली. "आई, हे बघ, अगदी आजोबांसारखं कोणीतरी आहे." बघते तर आजोबाच. नाणं पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर पट्टी, पट्टीवर कंपनीने छापलेलं: "धक्क्याच्या रोखपालाचा संग्रह". नाण्याची परीक्षा करून ग्रेड देणाऱ्या कंपन्या असतात आणि जास्त पैसे भरले की त्या पट्टीवर आपण सांगू ते नाव छापतात, हे मला आता माहीत झालं आहे. नुसती मॅट्रिक झाले असले तरी वाचता येतं मला.

तर तेही वाचलं, जे तू नाण्याखाली लिहिलं आहेस. उतरवून काढलंय, म्हणजे नंतर म्हणायला नको की ताईने पदरचं घातलं: "माझे वडील बोटीच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत रोखपाल होते. दिवसभराच्या गल्ल्यातलं सर्वांत चकचकीत नाणं ते हळूच खिशात टाकत आणि माझ्यासाठी घरी आणत."

माझ्यासाठी. त्र्याहत्तर साली तू जन्मायला सात वर्षं होती.

पण ते सोडते. तो दुसरा शब्द सोडत नाही. हळूच. रोखपाल गल्ल्यातलं नाणं हळूच खिशात टाकतो, त्याला काय म्हणतात? तुझ्या दुकानातला नोकर असं करील तर तू त्याला काय म्हणशील?

बाबा काय करायचे ते मी सांगते, कारण शाळा सुटल्यावर त्यांचा डबा घेऊन जायचे ती मी, आणि बँकेतून आलेल्या सुट्ट्याच्या नव्या पिशवीतून नाणी निवडायचे तीही मीच. त्यांना लांबचं दिसायचं, जवळचं नाही. मला ते "भिंग" म्हणायचे. "भिंगा, बघ बरं, ह्यातलं कुठलं?" नाणं तिरकं धरलं की उजेड त्याच्यावर चाकासारखा फिरायला हवा आणि चेहऱ्याच्या गालावर इतर नाण्यांचे ओरखडे नकोत. हे तुझ्या कंपनीने आज शोधलेलं नाही. आणि ते निवडल्यावर बाबांचा नियम एकच. आधी आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं जुनं नाणं गल्ल्यात टाकायचं. टाकल्याचा आवाज कानाने ऐकायचा. मग नवं उचलायचं. आवाजाआधी हात पुढे केला तर बोटांवर तिकिटं फाडायची पट्टी बसायची. माझ्या बसली आहे.

तो शब्द आजच्या आज काढ.

आणखी एक. शंभरपैकी पासष्ट मार्कांच्या नाण्याला एकोणीसशे घेतोस तरी कसे? पासष्टला मला मॅट्रिकला कोणी पेढासुद्धा दिला नव्हता.

ताई

*

शनिवार, १९ एप्रिल

धाकट्या,

उत्तर आलं, पण कागदावर नाही. दुकानाच्या निरोपाच्या चौकटीत दोन ओळी टाकल्यास त्या लेकीने छापून आणून दिल्या. "ताई, तू होतीस होय! सांगायचं तरी, दहा टक्के कमी केले असते. आणि हळूच म्हणजे प्रेमाने ग, लोकांना असं भावनिक आवडतं."

दहा टक्के. सात हजार सातशे साठातून टपालखर्च वजा करून काढ, किती होतात ते. तेवढ्यात बाबा मिळतात का बघ.

आधी माझी चूक. ग्रेड शंभरपैकी नसते, सत्तरपैकी असते. सत्तरच्या वर काही नाही. म्हणजे पासष्ट हे उत्तमच झालं आणि सदुसष्ट फार थोड्या नाण्यांना मिळतं. लेकीने समजावलं. मी चुकले, आणि मान्य करायला मला अर्धं मिनिट लागलं. तू करून बघ कधी.

आता तुझा धंदा मला किती समजला ते ऐक. विकायला लावलेल्या किमती बघायच्या नाहीत, त्या कोणीही मनाला येईल तशा लावतो. विकलं गेलं त्याची किंमत बघायची. मी महिनाभराच्या बघितल्या, वहीत उतरवल्या. एकोणऐंशीचं दोनाचं नाणं, ग्रेड ६५, साधी पट्टी, साडेसहाशेच्या वर एकदाही गेलेलं नाही. त्यातले पाचशे तर कंपनी नुसती डबीत घालायचे घेते. म्हणजे नाणं दीडशेचं, डबी पाचशेची. तू माझ्याकडून घेतलेस एकोणीसशे. उरलेले साडेबाराशे कशाचे, धाकट्या? ते गोष्टीचे आहेत. मी गोष्टीचे पैसे मोजले आहेत, तेव्हा ती खरी आहे की नाही हे विचारायचा मला गिऱ्हाईक म्हणून हक्क आहे. बहीण म्हणून राहू दे.

तुला तुझ्या लहानपणातले कुठले दिवस सगळ्यांत चांगले वाटतात ते मला ठाऊक आहे. तू लग्नाआधी तुझ्या बायकोलाही सांगितलं होतंस: बाबा दिवसभर घरी असायचे, तुला खांद्यावर घेऊन धक्क्याच्या उलट्या बाजूला फिरायला न्यायचे, जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्याच्या होड्या करून द्यायचे. ते चौऱ्याऐंशी साल. तू चार वर्षांचा होतास, मी सोळाची. आणि ती सुट्टी नव्हती. बाबांना निलंबित केलं होतं. आठ महिने. धक्क्याच्या उलट्या बाजूला न्यायचे कारण सुलट्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीत दुसरा माणूस बसलेला होता.

कारण सांगते. एका सोमवारी चार वाजता अचानक तपासनीस आला, गल्ला मोजला, पाच कमी निघाले. पाच हजार नव्हे, पाचाचं एक नाणं. बाबा म्हणाले, नाणं मी बदलून घेतलं, बदली टाकायला विसरलो. तपासनीस म्हणाला, "बदलून घेतलं म्हणजे हळूच खिशात टाकलं ना?"

त्याचा शब्द आहे तो. तुझ्या तोंडून आला तेव्हा मी फोन लेकीच्या हातात परत दिला आणि आत जाऊन बसले.

पाच कमी कसे पडले ते विचारू नकोस. कमी पडले, एवढं खरं. चौकशीत "निष्काळजीपणा" असा शेरा बसला आणि त्यांना परत कामावर घेतलं. पण त्या आठ महिन्यांत आईने शेजाऱ्यांचे कपडे शिवले आणि मी मॅट्रिकवर थांबले. तुला होड्या मिळाल्या. मिळाल्या ते बरंच झालं, त्याचं मला काही नाही.

आता कळलं असेल, तर शब्द काढ. प्रेमाने म्हणायचं असेल तर प्रेमाने असं लिही, त्यासाठी वेगळा शब्द आहे.

ताई

*

शुक्रवार, २ मे

तू शब्द काढला नाहीस. उलट एक नवं नाणं लावलं आहेस. क्रमांक ४६. पाचाचं. सन चौऱ्याऐंशी.

सदतीस नाणी होती. पलंगावर तूच मोजलीस. सेहेचाळिसावं कुठून आलं?

बाबांची नोंदवही माझ्याकडे आहे हे तू विसरलास, कारण डब्यातून ती निघाली तेव्हा "ही रद्दी तुलाच" म्हणून तू ती माझ्याकडे सरकवलीस. वर्ष, किंमत, कुठल्या पिशवीतून, आणि बदली म्हणून कुठल्या सालचं जुनं नाणं टाकलं, सगळं तीत आहे. चौऱ्याऐंशीच्या ओळीत आडवी रेघ आहे, त्यांच्या हातची. त्या वर्षी नाणं घरात आलेलं नाही. एकही नाही. आणि तू नेमकं तेच विकतोस.

मग मी बाकीची तपासायला बसले. ह्यांच्या घड्याळांच्या दुकानातून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. कशाला ते सांगितलं नाही, सुईत दोरा ओवायला म्हणाले. देव क्षमा करो. एक्क्याण्णवच्या पाचाबद्दल वहीत लिहिलं आहे: "कडेला ठेच, तरी घेतलं, भिंगाला आवडलं." तू मला चार हजार दोनशेला दिलंस त्याची कड मी चारही बाजूंनी बघितली. ठेच नाही. ठेच असती तर सदुसष्ट मिळालेच नसते, एवढं मलाही कळतं. ते नाणं चांगलं आहे. फार चांगलं आहे. फक्त आमचं नाही. बाबांच्या हातात ते कधी गेलेलं नाही.

म्हणजे बाबांची संपली, की बाजारातून कोणाचीही कोरी कॉमन नाणी घ्यायची, डबीत घालायची आणि वर बाबांना चिकटवायचं. चांगला धंदा आहे. बाप मेला तरी वर्षाला पाच-सहा नाणी अजून आणतोच आहे.

तुझ्या कंपनीचा पत्ता मी लेकीकडून घेतला आहे.

*

रविवार, ११ मे

धाकट्या,

तू मला उत्तर लिहायच्या आधी ह्यांच्या दुकानात फोन केलास. सहा वर्षांत पहिला. हे संध्याकाळी आले, चपला काढल्या, हात धुतले आणि म्हणाले, "मेहुण्याचा फोन होता. म्हणाला, भावोजी, ताईला आवरा, घरखर्चातले अकरा हजार तिने नाण्यांवर उडवलेत."

"सात हजार सातशे साठ," मी म्हणाले.

"म्हणजे वाढवून सांगतोय."

"तो सगळंच वाढवून सांगतो."

"कशातले काढलेस?"

"दोन वर्षं दूध अर्धा लिटर कमी घेतलं, ते साठले होते."

ह्यांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "तरीच चहा तसा लागत होता. मला वाटलं माझी जीभ गेली." आणि एवढं बोलून भिंग परत मागितलं. सुईदोऱ्याचं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे, माझ्या सुया जाड आहेत.

तुला वाटलं होतं घरात भांडण लागेल आणि मी गप्प होईन. तसं झालं नाही. झालं ते वेगळंच. त्यांनी विचारलं, "पैसे गेले ते गेले. पण एका शब्दावरून तू एवढी का पेटलीस? शब्द तर तपासनीसाचा होता, धाकट्याला माहीत नव्हता." ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येईना. मग दिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यांना पहिल्यांदा दिलं.

काल तुझं पत्रही आलं, खरोखर टपालाने, दोन पानं. एक ते सेहेचाळीस हे "संग्रहाच्या धर्तीवर" आहेत म्हणतोस. मी "घरच्या घरी पोलीस" झाले आहे म्हणतोस. आणि शेवटी: "आठ महिने कोणी उगाच घरी बसवत नाही, ताई. बाबांनी उचललंच नसेल कशावरून? मी उलट ते गोड करून लिहिलं."

तेव्हा ऐक. हे वाचताना फोन बाजूला ठेव.

ते नाणं मी उचललं.

माझी परीक्षा संपली होती. सोमवार होता, नवी पिशवी फोडलेली होती. पाचाचं एक नाणं असं निघालं की त्याच्यावर उजेड थांबेचना. माझ्या डाव्या हातात बाबांनी दिलेलं जुनं पाचाचं होतं, गल्ल्यात टाकायचं. बोटीचा भोंगा झाला, रांग खिडकीवर आली, बाबा तिकिटं फाडायला लागले आणि मी नवं उचललं. आवाजाच्या आधी. टाकू की मग, म्हटलं. मग रांगेतल्या एका बाईने सुट्ट्यावरून आरडाओरडा केला, बाबा म्हणाले "भिंगा, तू जा घरी, गर्दी आहे," आणि मी गेले. दोन्ही मुठींत दोन नाणी घेऊन गेले. घरी येऊन मुठी उघडल्या तेव्हा चार वाजून गेले होते.

बाबांनी नाव घेतलं नाही. रात्री मी दोन्ही नाणी त्यांच्यापुढे ठेवली. नवं त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात पावती घेऊन जमा केलं. मला म्हणाले, "तू सोळाची आहेस, तुझं नाव कागदावर चढलं तर तिथेच राहील. माझ्या नावावर आधीच पुष्कळ कागद आहेत." आणि कोणापाशी बोलायचं नाही, असं बजावलं. मी बोलले नाही. चौकशीत नाही, आईपाशी नाही, ते गेले तेव्हाही नाही.

जूनमध्ये कॉलेजची फी भरायची होती. मीच म्हणाले, मला पुढे शिकायचं नाही. आई म्हणाली, गुणी पोर. ते शब्द मी चाळीस वर्षं वागवते आहे. देवापुढे रोज बसते ती काही फार पुण्य शिल्लक आहे म्हणून नाही.

तुला राग यायला हवा. येऊ दे. मला फार बरं वाटेल. पण तो गुन्हा माझा आहे, बाबांचा नाही, आणि तू तो रोज नव्या नाण्याखाली त्यांच्या नावावर छापतो आहेस. अनोळखी माणसं वाचतात, "किती गोड" लिहितात, आणि मनात म्हणतात, चोर होता बिचारा. तपासनीसाने आठ महिने म्हटलं. तू दुकान चालेल तोवर म्हणणार.

आता लिहून घे. एकेक शब्द असाच:

"आमचे वडील बोटीच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत रोखपाल होते. गल्ल्यात आपलं नाणं टाकल्याशिवाय त्यांनी नवं कधी उचललं नाही. चौऱ्याऐंशी साली एकदा न टाकता उचललं गेलं, ते त्यांच्या मुलीने उचललं. शिक्षा त्यांनी भोगली. त्या वर्षाचं नाणं ह्या संग्रहात नाही."

हे प्रत्येक नाण्याखाली टाक. किंमत पडेल म्हणशील. पडू दे, किंवा वाढेल, तुझ्या गिऱ्हाइकांचं मला सांगता येत नाही. लेकीला मी अजून सांगितलेलं नाही. तिला आपल्या आईबद्दल तुझ्याच पानावर वाचायला मिळेल, आणि मला ते चालेल. फार चालेल असं नाही. पण चालेल.

अडतीस ते सेहेचाळीस ह्या नऊ डब्या मागे घे आणि विकल्या असतील त्यांचे पैसे परत कर. एक्क्याण्णवचं पाचाचंही बाबांचं नाही, आणि त्यांचं खरं, ठेचेचं, तुझ्याकडेच असलं पाहिजे. मला ते हवं आहे. ग्रेड नको, डबी नको, कागदात गुंडाळून पाठव. खोटं मी रजिस्टरने पाठवते. त्याचे चार हजार दोनशे मला परत हवेत, आणि रजिस्टरचा खर्च तुझ्याकडे.

कंपनीला लिहायचं पत्र तयार आहे. वहीतल्या चौऱ्याऐंशीच्या पानाची प्रत जोडली आहे, आणि सगळ्यांत वर मी काय केलं ते माझ्या सहीने लिहिलं आहे, म्हणजे मला तुझ्यापेक्षा कमी दोष देतील असं काही नाही. ह्यांनी वाचलं, एक वेलांटी सुधारली आणि तिकीट आणून दिलं. ते अजून चिकटवलेलं नाही.

फोन करू नकोस, ह्यांना तर मुळीच नाही. तू हे लिहिणार की मी, एवढंच ठरायचं आहे. दोघांपैकी कोण, ते उलट टपाली कळव.

ताई